नवा पासपोर्ट आला, आता ग्लोबल एन्ट्रीत काय बदलायचं?

वकिलातीकडे नूतनीकरणाला दिलेला पासपोर्ट परत येतो तेव्हा पाकिटात दोन पुस्तकं असतात. एक रद्द केल्याचा शिक्का मारलेलं जुनं, दुसरं करकरीत नवं. आपण नव्यावरचा फोटो बघतो, नावाचं स्पेलिंग तपासतो आणि दोन्ही कपाटात ठेवून देतो. एक काम तेवढं राहून जातं. भारतीय पासपोर्ट नव्याने निघाला की त्याचा क्रमांकही नवा येतो, आणि ग्लोबल एन्ट्रीच्या, म्हणजे अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या लांब रांगेतून सुटका करणाऱ्या सोयीच्या, खात्यात मात्र अजून जुनाच क्रमांक असतो.

अमेरिकेत राहणाऱ्या, ग्लोबल एन्ट्रीचं सभासदत्व असलेल्या आणि त्यानंतर पहिल्यांदाच पासपोर्ट बदललेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. भारतीय नागरिकांना ही सोय जुलै २०१७ पासून मिळू लागली. सभासदत्व पाच वर्षांचं, मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा. दोन्हींच्या तारखा क्वचितच जुळतात, त्यामुळे सभासदत्व चालू असताना मध्येच पासपोर्ट संपण्याची वेळ बहुतेकांवर कधी ना कधी येतेच.

आधी मनातली भीती काढून टाका. नवा पासपोर्ट आला म्हणून सभासदत्व रद्द होत नाही. तुमचा नऊ अंकी पासआयडी, म्हणजे कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला आणि विमानाचं तिकीट काढताना ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’ म्हणून टाकायचा क्रमांक, तोच राहतो. कार्डावर पासपोर्टचा क्रमांक छापलेला नसतो, त्यामुळे नुसता पासपोर्ट बदलला तर नवं कार्डही लागत नाही. नव्याने अर्ज नाही, शुल्क नाही. तरीही हे काम टाळू नका. विमान निघण्याआधी विमान कंपनी तुमच्या पासपोर्टची माहिती अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे, म्हणजे सीबीपीकडे पाठवते. तिकडे नवा क्रमांक गेला आणि खात्यात जुना असला, तर विमानतळावरचं ग्लोबल एन्ट्रीचं यंत्र तुम्हाला सभासद म्हणून न ओळखण्याची शक्यता असते. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर, कडेवर झोपलेलं मूल घेऊन, लांबलचक रांगेच्या टोकाला हे कळावं असं कुणालाच वाटणार नाही.

तुमचा बदल नेमका कोणता?

संगणक उघडण्याआधी हे ठरवा, कारण पुढचा सगळा रस्ता यावर अवलंबून आहे.

फक्त क्रमांक आणि तारखा बदलल्या असतील, नाव अक्षर न् अक्षर तेच असेल आणि नागरिकत्वही तेच असेल, तर काम घरबसल्या होतं. नाव बदललं असेल, किंवा भारतीय नागरिकत्व सोडून तुम्ही अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, तर नोंदणी केंद्रावर स्वतः जावं लागतं. क्रमांक ही हलकी गोष्ट आहे, नाव आणि नागरिकत्व या जड गोष्टी. तुमची पार्श्वभूमी ज्या नावाने तपासली गेली तेच बदललं, तर समोर बसलेल्या अधिकाऱ्याने ते कागदांवरून पडताळून पाहायला हवं, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

आता ‘नाव तेच आहे’ असं म्हणण्याआधी आपल्या मराठी नावांपाशी थोडं थांबू या, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर रकाने मात्र दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. मधलं नाव कुठे जातं? पासपोर्टच्या अर्जात तुम्ही ते लिहिलं असेल तर दिलेल्या नावाच्या ओळीत, स्वतःच्या नावाला लागून. लिहिलं नसेल तर त्या ओळीत ते येतच नाही. वडिलांचं आणि जोडीदाराचं नाव शेवटच्या पानावर वेगळं छापलेलं असतं, पण ते तुमच्या नावाचा भाग धरत नाहीत.

नूतनीकरणाचा अर्ज भरताना पुष्कळजण इथे नकळत बदल करून बसतात. जुन्या पासपोर्टवर ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव’ असं होतं, नव्या अर्जात सुटसुटीत म्हणून फक्त स्वतःचं नाव भरलं. किंवा उलट. लग्न झालेल्या बायकांचं तर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. माझ्या बाबतीत तसंच झालं. आडनाव मी माहेरचंच ठेवलं होतं, त्यामुळे ‘माझं नाव काही बदललेलं नाही’ असंच मी धरून चालले होते. प्रत्यक्षात वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं होतं, आणि अमेरिकेच्या नोंदींच्या दृष्टीने तो सरळसरळ नावातला बदल होता. आपल्याकडे ज्याला आपण रीत म्हणतो, तिचा इथल्या संगणकाला पत्ता नसतो.

म्हणून दोन्ही पासपोर्ट शेजारी उघडून ठेवा. आडनावाची ओळ, दिलेल्या नावाची ओळ, जन्मतारीख, जन्मस्थान, सगळं बोट ठेवून जुळवा. ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ आला आहे का, आधी एक ‘ए’ होता तिथे दोन झाले आहेत का, हेही बघा. तंतोतंत जुळलं तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी. नाही जुळलं तर खाली केंद्राबद्दल लिहिलं आहे, तिकडे चला.

घरबसल्या बदल: पायरी पायरीने

पहिली पायरी, कागद जवळ घ्या. नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड, आणि ग्रीन कार्ड असेल तर तेही. प्रवासाच्या आदल्या रात्री बॅगा भरता भरता हे करू नका. पासपोर्ट हातात पडला त्याच आठवड्यात उरकून टाका.

दुसरी पायरी, योग्य संकेतस्थळावर जा. सीबीपीचं ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम्स हे एकच ठिकाण त्यासाठी आहे. गूगलवर शोधलं की वर वर जाहिराती दिसतात, त्यांतली काही संकेतस्थळं हुबेहूब सरकारी दिसतात आणि ‘मदती’चे पैसे घेतात. पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही’ आहे याची खात्री करा. पासपोर्टचा क्रमांक बदलण्याला सरकार एक पैसाही घेत नाही. कुणी पैसे मागितले तर ती खिडकी तिथेच बंद करा.

तिसरी पायरी, लॉगिन. इथे थोडा वेळ घालवणार आहे, कारण बहुतेकांचा खरा वेळ इथेच जातो. प्रवेश ‘लॉगिन डॉट गव्ह’ या वेगळ्या खात्यातून होतो: ईमेल, पासवर्ड, आणि त्यानंतर फोनवर येणारा किंवा ॲपमधून मिळणारा कोड. चार-पाच वर्षांपूर्वी नोंदणी करताना दिलेला फोन नंबर आज तुमच्याकडे आहे का? कित्येकांनी तेव्हा कंपनीचा ईमेल दिलेला असतो आणि मधल्या काळात नोकरी बदललेली असते. माझा जुना नंबर केव्हाच बंद झाला होता, आणि कोड त्या बंद नंबरवर जात राहिला.

ईमेल चालू असेल आणि फक्त पासवर्ड विसरला असाल तर तो नवा करून घेता येतो. पण दुसऱ्या टप्प्यातला कोड मिळवण्याचा एकही मार्ग हाताशी उरला नसेल, तर तिथले कर्मचारीही तुम्हाला आत घेऊ शकत नाहीत. खातं काढून टाकून नव्याने उघडावं लागतं. त्याने ग्लोबल एन्ट्री जात नाही. लॉगिनचं खातं हे दार आहे, सभासदत्व आत सुरक्षित असतं. नव्या खात्याने पहिल्यांदा आत शिरताना तुमच्याकडे आधीपासून सभासदत्व आहे हे सांगायचं आणि पासआयडी टाकायचा, म्हणजे जुनी नोंद नव्या खात्याशी जोडली जाते. कार्ड जवळ ठेवा म्हटलं ते याचसाठी. आत शिरलात की लगेच कोड मिळवण्याचा दुसरा मार्गही जोडून ठेवा. मी आता फोन नंबरबरोबर कोड देणारं ॲपही जोडलं आहे, आणि आणीबाणीसाठी मिळणारे कोड छापून पासपोर्टच्याच फाइलमध्ये ठेवले आहेत.

चौथी पायरी, डॅशबोर्ड. आत गेल्यावर तुमचं सभासदत्व, पासआयडी आणि मुदतीची तारीख दिसते. तिथेच ‘अपडेट डॉक्युमेंट्स’ असं बटण असतं, ते दाबा. जुन्या पासपोर्टची नोंद समोर येईल. ती दुरुस्त करून नव्याचा क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख भरायची आणि देश भारतच आहे ना ते पाहायचं.

भरताना दोन ठिकाणी हात थांबवा. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे असतात. म्हणजे आकड्यांच्या जागी जे गोल दिसेल ते शून्यच, ‘ओ’ नव्हे. शेवटच्या पानावरचा लांबलचक फाइल क्रमांक हा पासपोर्टचा क्रमांक नाही, तो इथे टाकायचा नाही. दुसरी जागा तारखेची. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. पासपोर्टवर ०७/०३ छापलं असेल तर ते ७ मार्च आहे. तसंच उतरवलंत तर इथे ते ३ जुलै होतं, आणि बारापर्यंतच्या आकड्यांना संगणकही चूक दाखवत नाही. १९ तारखेला पासपोर्ट मिळालेल्यांना निदान चूक लगेच कळते.

पाचवी पायरी, जतन करा, बाहेर पडा, पुन्हा आत येऊन सगळं वाचून बघा. त्या पानाचा फोटो काढून ठेवला तर अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. त्याच बैठकीत पत्ता बदलला असेल तर तोही दुरुस्त करा. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: घर बदलल्याची सूचना इमिग्रेशन खात्याला दहा दिवसांत वेगळी द्यावी लागते, इथे पत्ता बदलल्याने ती पोचत नाही.

ग्रीन कार्ड नवं आलं असेल तर तेही याच कागदपत्रांच्या पानावर बदलायचं. एखादा कागद काही केल्या स्वीकारला जात नसेल, किंवा मधल्या काळात तुमचा दर्जाच बदलला असेल, म्हणजे व्हिसावरून ग्रीन कार्डवर आला असाल, तर ऑनलाइन खटपट करत बसण्यापेक्षा केंद्रावर जाऊन करून घेतलेलं बरं.

मुलांचं

मुलांच्या बाबतीत ही वेळ लवकर येते. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, सोळाच्या आतल्या मुलांचा अमेरिकन पासपोर्टही पाच वर्षांचाच. प्रत्येक मुलाचं सभासदत्व स्वतंत्र, त्यामुळे लॉगिनही स्वतंत्र आणि ईमेलही. आईने स्वतःच्या खात्यात बदल केला म्हणून मुलाच्या खात्यात तो आपोआप होत नाही. घरात चौघं असतील तर चार वेळा तीच कृती, याला इलाज नाही. आमच्या घरी चौघांचे पासआयडी, पासपोर्टच्या मुदती आणि सभासदत्वाच्या मुदती एकाच कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या आहेत.

केंद्रावर जावं लागलं तर

नोंदणी केंद्रं बहुतेक मोठ्या विमानतळांवर आहेत: न्यूअर्क, जेएफके, सॅन फ्रान्सिस्को, शिकागोचं ओ’हेर. प्रत्येक केंद्राची वेळ वेगळी, भेट आधी ठरवून यावं लागतं की नाही याची पद्धतही वेगळी. सीबीपीच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी आहे, निघण्याआधी तुमच्या केंद्राची माहिती वाचा.

सोबत दोन्ही पासपोर्ट, ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड, ग्रीन कार्ड किंवा व्हिसा, आणि नाव का बदललं त्याचा पुरावा न्या. लग्नामुळे बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात राजपत्रात प्रसिद्ध करून बदललं असेल तर ते राजपत्र. दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, समोरच्या अधिकाऱ्याला देवनागरी वाचता येईल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. मधलं नावच बदललं असेल तर भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान आवर्जून दाखवा. तिथे वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं नाव असतं, आणि नव्या पासपोर्टवर जुन्याचा क्रमांकही छापलेला असतो. ही दोन्ही पुस्तकं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारा याहून सोपा कागद नाही. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं कसं आलं हे दोन वाक्यांत सांगायची तयारी ठेवा. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, कागद पाहिले आणि नोंद बदलली.

अमेरिकन नागरिक झालेल्यांनी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि नवा अमेरिकन पासपोर्ट दोन्ही न्यावेत. भारतीय पासपोर्ट सरेंडर करायला पाठवण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःजवळ ठेवा. त्याचा क्रमांक पुढेही कुठे ना कुठे विचारला जातो.

नाव बदललं असेल तर तिकीटही त्याच नावाने निघायला हवं. पासआयडी टाकूनही बोर्डिंग पासवर प्रीचेकची, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या झटपट रांगेची, खूण आली नाही, तर तिकिटावरचं नाव आणि सभासदत्वातलं नाव जुळतंय का, ते सर्वात आधी बघा.

सभासदत्वाची मुदतही जवळ आली असेल तर

मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर आहे, ते परत मिळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना, आई किंवा वडील सभासद असतील तर, शुल्क नाही. मुदतीच्या आत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत चोवीस महिन्यांपर्यंत सोय चालू राहते. पासपोर्ट आणि सभासदत्व दोन्ही त्याच वर्षी संपत असतील तर माझं स्पष्ट मत आहे: आधी पासपोर्ट नवा करून घ्या आणि मग नूतनीकरणाचा अर्ज नव्या क्रमांकाने भरा. उलट केलंत तर अर्ज विचाराधीन असताना कागद बदलतो आणि गुंता वाढतो.

प्रवासाच्या दिवशी

जुन्या पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा अजून चालू असेल तर तो नव्या पासपोर्टबरोबर चालतो. दोन्ही पुस्तकं हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. व्हिसाचं पान फाडायचा किंवा सोडवायचा प्रयत्न चुकूनही करू नका. आधीच काढलेल्या तिकिटात जुना पासपोर्ट क्रमांक असेल तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन बदला. अबू धाबीमार्गे येणाऱ्यांची अमेरिकेची तपासणी तिथेच, विमानात चढण्याआधी होते, त्यामुळे त्यांनी हे सगळं घरून निघण्याआधीच आटोपलेलं असावं.

उतरल्यावर यंत्राने अधिकाऱ्याकडे जायला सांगितलं तर घाबरू नका. पासपोर्ट नवा आहे आणि खात्यात बदल केला आहे, एवढं सांगून दोन्ही पुस्तकं पुढे ठेवा.

व्हिसावर असलेल्यांचं खरं काम घरी पोचल्यावर आहे. पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं आता राहिलेलं नाही, नोंद होते ती आय-९४ मध्ये, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीत. सीबीपीच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घ्या आणि तीन गोष्टी तपासा: नवा पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, आणि राहण्याची शेवटची तारीख. पासपोर्टची मुदत कमी उरलेली असताना आधीच्या एखाद्या प्रवासात ही तारीख पासपोर्ट संपण्याच्या दिवसापर्यंतच दिली गेली असण्याची शक्यता असते, आणि नुसता नवा पासपोर्ट काढल्याने ती आपोआप पुढे सरकत नाही. म्हणून प्रवास नसला तरी, पासपोर्ट नवा आला त्याच दिवशी जुन्या क्रमांकावरची आय-९४ एकदा उघडून वाचा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कंपनीच्या वकिलाला दाखवा.

आणि मुंबईला उतरताना

भारताचाही आता स्वतःचा असाच कार्यक्रम आहे: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाला, १६ जानेवारी २०२५ ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) यांच्यासाठी तो आहे, शुल्क नाही. त्याचा ग्लोबल एन्ट्रीशी काही संबंध नाही, तुमचा नवा क्रमांक एकीकडून दुसरीकडे जात नाही. तिथली नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तिथवरच असते. जुन्या पासपोर्टवर नोंदणी केली असेल तर निघण्याआधी गृह मंत्रालयाच्या त्या पोर्टलवर जाऊन तिची स्थिती बघा, आणि नवी नोंदणी पूर्ण होईपर्यंत नेहमीच्या खिडकीवरून जायचं धरून चाला.

ओसीआय असलेल्यांनी, विशेषतः मुलांच्या बाबतीत, आणखी एक काम लक्षात ठेवावं. वय वीस पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर, आणि पन्नास पूर्ण झाल्यावर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर तीन महिन्यांच्या आत चढवायचा असतो. त्याला पैसे पडत नाहीत. विसाव्या वर्षानंतर पहिला पासपोर्ट निघाला की मात्र ओसीआय कार्डच एकदा नवं करून घ्यावं लागतं. म्हणून फ्रिजवरच्या आमच्या कागदावर आता मुलांच्या नावापुढे तो रकानाही आहे.